ब्रेक दाबला की मीटर का उजळतो?

प्रश्न : दादा, नमस्कार. आमच्याकडे १९९६ची मारुती ८०० आहे, माझ्या यजमानांनी घेतलेली. २२ जुलै २०२१च्या पुरात ती सीटपर्यंत बुडाली होती. धुऊन, सुकवून तेव्हा चालू झाली, पण गेल्या वर्षभरात वेगळंच काही चाललंय. लाइट बंद असतानाही ब्रेक दाबला की मीटरमधले दिवे मिणमिणतात. रात्री उजवा इंडिकेटर दिला की त्या बाजूचा मागचा लाल दिवा त्याच्या ठेक्यावर कमी-जास्त होतो. कधी कधी सेल्फ नुसता ‘टक्’ करतो. दोन ठिकाणी दाखवली. बॅटरी नवी झाली, लाइटचा स्विच बदलला, आता सगळं वायरिंगच नवं टाका म्हणतात. काय करू? गाडी देऊन टाकू का?
— एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण

उत्तर : ताई, गाडी देऊ नका, आणि वायरिंगही एवढ्यात बदलू नका. तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की अर्धं काम झालंच आहे. मला हा अर्थचा, म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेचा दोष वाटतो, आणि तोही दोन ठिकाणचा.

बॅटरीच्या प्लसपासून दिव्यापर्यंत करंट वायरीतून जातो. परत येताना मात्र त्याला बहुतेक ठिकाणी गाडीचा पत्राच वापरावा लागतो. दिव्याची काळी वायर जिथे बोल्टने पत्र्याला कसलेली असते, तो अर्थ. तिथे गंज चढला की करंट अडतो आणि मिळेल त्या वाटेने घरी जायला बघतो.

तुमच्या मागच्या दिव्यात एकाच बल्बमध्ये दोन तारा आहेत, ब्रेकची २१ वॅटची आणि रात्रीच्या लाल दिव्याची ५ वॅटची. दोन्हींचं परतीचं टोक बल्बच्या टोपीत एकत्र येतं. अर्थ गेला की ब्रेकचा करंट टोपीपर्यंत येतो, पुढे वाट नाही, म्हणून ५ वॅटच्या तारेत उलटा शिरतो. तिथून पार्किंगच्या वायरीतून पुढच्या दिव्यांत आणि मीटरच्या बल्बांत जातो, आणि तिथला अर्थ चांगला असल्यामुळे पत्र्यात उतरतो. म्हणून तुमचा मीटर उजळतो. लाइटचा स्विच बदलून हे थांबणार नव्हतं, कारण हा करंट स्विचपर्यंत जातच नाही. इंडिकेटरचा बल्बही त्याच काळ्या वायरीवर आहे, त्यामुळे तो पेटला की शेजारचा लाल दिवा दबतो. दोष उजव्या बाजूच्या मागच्या दिव्यात आहे, असं मी इथे बसून सांगतो.

पुराचं पाणी ओसरतं, पण गाळ जोडाच्या फटीत राहतो आणि दर पावसाळ्यात ओल धरतो. पाणी वायरीच्या कव्हरच्या आतून तांब्याच्या केसांमधून वर चढतं. बाहेरून काळी कुळकुळीत वायर, कापून बघावी तर तांबं कळकलेलं, हिरवं-काळं. म्हणून तेव्हा ठीक असलेली गाडी इतक्या दिवसांनी त्रास देते.

आता शोधायचं कसं. इथे बरेच कारागीर चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मल्टिमीटर (कारागिराचं मोजायचं यंत्र, यापुढे मीटर म्हणजे तेच) ओहमवर, म्हणजे अडथळा मोजण्यावर लावून ‘अर्थ बरोबर आहे’ म्हणू नका. ओहमवर मीटर अगदी चिमूटभर करंट सोडतो. वायरीचा एक केस शाबूत असला तरी तो पार होतो. कुजक्या साकवावरून एकटा माणूस जातो, म्हणून त्यावरून बैलगाडी घालायची नसते. सेल्फ शंभर अँपियरच्या पुढे करंट ओढतो. तिथे वाटेत ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा असला तरी एक व्होल्ट तिथेच खर्च होतो.

म्हणून तपासणी भार देऊनच करायची. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर धरा, क्लॅम्पवर नको. कधी दोष त्या दोघांच्या मध्येच असतो. लाल पिन उजव्या मागच्या दिव्यात, बल्ब बसतो त्या धातूच्या घरावर. त्यासाठी एक लांब वायर जोडावी लागेल. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. मीटरने एक-दोन व्होल्ट दाखवले तर चोर तिथेच आहे. मग लाल पिन मागे मागे सरकवत न्या : काळ्या वायरीचं थिंबल (टोकाची धातूची कडी), बोल्टचं डोकं, शेजारचा खरवडलेला पत्रा. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो, तो जोड खराब.

सेल्फसाठी लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर धरा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलच्या प्लसची बारीक वायर काढून, तिचं टोक टेपने झाकून ठेवलेली. सेल्फ मारताना ०.२ व्होल्टपर्यंत आकडा चांगला. ०.५ च्या वर गेला तर इंजिनाची अर्थपट्टी (इंजिन आणि गाडीचा पत्रा जोडणारी) नाहीतर बॅटरीची काळी केबल बघा. आकडा कमी असूनही ‘टक्’च होत असेल तर अर्थला दोष देऊ नका, प्लसची केबल आणि सेल्फ तपासा.

इंजिन रबरी माउंटवर बसतं आणि रबरातून करंट जात नाही, म्हणून ही पट्टी फार महत्त्वाची. १९९४ साली माझ्याकडे एका डॉक्टरांची प्रीमियर पद्मिनी आली होती. मी सेल्फ उघडून नवे कार्बन टाकले, बॅटरी बदलायला लावली, तरी फरक नाही. तिसऱ्या दिवशी सेल्फ मारताना चोकच्या वायरीतून धूर निघाला. आधी कधीतरी इंजिन उतरवलं, तेव्हा कुणीतरी पट्टी परत लावलीच नव्हती, आणि सेल्फचा सगळा करंट त्या बारीक चोकवायरीतून जात होता. डॉक्टरांचे पैसे मी परत केले. तेव्हापासून पट्टी बघितल्याशिवाय मी सेल्फला हात लावत नाही. तुम्हीही सेल्फ मारल्यावर अॅक्सिलरेटरची केबल गरम लागते का, ते बघा. लागली तर दुरुस्तीपर्यंत गाडी चालवू नका.

दुरुस्ती स्वस्त आहे. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. बोल्ट खोलून पत्रा रुपयाच्या नाण्याएवढा पॉलिश पेपरने चकचकीत करा. कळकलेली वायर लखलखीत तांबं लागेपर्यंत कापा. लागलंच नाही तर अडीच एमएमची नवी काळी वायर टाका. नवं थिंबल नीट दाबून बसवा, दातेरी वॉशर घाला, कसा, आणि कसल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावा. रंग त्या जोडाखाली कधीच नको. डेंटिंग-पेंटिंग करून आलेल्या कितीतरी गाड्यांचे अर्थ रंगानेच गेलेले मी पाहिले आहेत. डावा दिवाही तेच पाणी प्यायलाय, त्याचंही याच वेळी करून घ्या.

हे पान कारागिराला दाखवा, आणि तो मोजताना शेजारी उभ्या राहा. ब्रेकचा एक आणि सेल्फचा एक, असे दोन आकडे वहीत लिहून मला कळवा. सेल्फचा आकडा ०.२ आणि ०.५ च्या मध्ये आला तर पट्टी काढण्याआधी मला विचारा, अजून एक जोड तपासायला सांगेन.