पावसात नेट संथ होते. मोडेम बदलावा का?

प्रश्न : डोंबिवलीत आमच्या इमारतीत केबलवाल्याकडूनच इंटरनेट घेतले आहे. योजना १०० एमबीपीएसची असूनही गेला महिनाभर वेग १५-२० च्या वर जात नाही आणि पाऊस लागला की कनेक्शन तुटते. मोडेम सहा वर्षांपूर्वीचा, डॉक्सिस ३.० (टीव्हीच्या केबलवरून इंटरनेट देण्याच्या पद्धतीची एक आवृत्ती) प्रकारचा आहे. तो जुना झाला, नवा घ्या, असे केबलवाले सांगतात. घ्यावा का?

उत्तर : इतक्यात घेऊ नये. घरात कोरड्या जागी ठेवलेल्या मोडेमला पावसाने फरक पडण्याचे कारण नाही. फरक पडतो तो गच्चीवरून, भिंतीवरून आणि खिडकीतून येणाऱ्या वायरीला. शिवाय डॉक्सिस ३.० चा मोडेम एकाच वेळी अनेक चॅनेलवरून (म्हणजे केबलमधील वेगवेगळ्या वारंवारता-पट्ट्यांवरून) माहिती घेतो आणि चार चॅनेल मिळाले तरी तो १५० एमबीपीएसपर्यंत सहज पोहोचतो. आपला मोडेम डॉक्सिस २.० चा असता, तर तो एका चॅनेलवर फार तर ४०-५० एमबीपीएस देऊ शकला असता आणि तो बदलाच, असे मी लगेच सांगितले असते.

प्रथम वाय-फाय बाजूला ठेवावे. लॅपटॉप लॅन केबलने थेट मोडेमला जोडून सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास वेग मोजावा. वायरीवर ९० च्या पुढे वेग मिळाला, तर दोष राउटरचा किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाय-फायमुळे गजबजलेल्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा आहे. सकाळी पूर्ण वेग आणि रात्री निम्माही नाही, असे असेल, तर एकाच लाइनवर परिसरातील फार ग्राहक आहेत, आणि त्यावर नव्या मोडेमचा काहीही उपयोग होणार नाही.

वायरीवरही तिन्ही वेळा वेग कमीच आला, तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता उघडावा. बहुतेक केबल मोडेम तेथे सिग्नलचे आकडे दाखवतात. डाउनस्ट्रीम पॉवर (मोडेमपर्यंत येणाऱ्या सिग्नलची ताकद) साधारण उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या दरम्यान आणि एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्पष्ट आहे, ते सांगणारा आकडा) ३३ डेसिबलच्या वर असावा. अपस्ट्रीम पॉवर (मोडेमने परत पाठवलेल्या सिग्नलची ताकद) ५० डीबीएमव्हीच्या पुढे गेली असेल, तर मोडेमला केबलवाल्याच्या यंत्रापर्यंत आवाज पोहोचवण्यासाठी अक्षरशः ओरडावे लागते आहे, असे समजावे. एका पावसाळ्यात माझ्याच घरी एसएनआर २८ वर घसरला होता. खिडकीबाहेरचा जोड उघडला, तर आत हिरवट बुरशीसारखा थर साचलेला आणि मधली तार काळी पडलेली. तंत्रज्ञाने वायरीचे इंचभर टोक कापून नवा कनेक्टर बसवला आणि आकडा त्याच संध्याकाळी ३६ वर आला. मोडेम तोच होता. टीव्हीसाठी लावलेला जुना स्प्लिटरही (एका केबलचे फाटे करणारा जोड) तपासावा, कारण दोन फाट्यांचा साधा स्प्लिटरसुद्धा प्रत्येक फाट्यावर सुमारे साडेतीन डेसिबल सिग्नल खातो.

मोडेम स्वतःहून बंद-चालू होत असेल, तर आधी त्याच व्होल्टेजचा आणि पुरेशा अँपिअरचा दुसरा अॅडॉप्टर लावून पाहावा. बऱ्याचदा तोच थकलेला असतो. सिग्नलचे आकडे निर्दोष, अॅडॉप्टर बदललेला, तरी वायरीवर वेग कमी, अशी स्थिती असेल तरच मोडेमवर संशय घ्यावा, आणि तेव्हाही केबलवाल्याकडून दोन दिवसांसाठी दुसरा मोडेम मागून खात्री करून घ्यावी.

एक गोष्ट मात्र पैसे देण्याआधी जरूर विचारावी : आपल्या इमारतीत फायबर केव्हा येणार आहे? फायबरला केबल मोडेम चालत नाही, त्यासाठी वेगळे यंत्र लागते, आणि फायबर लवकर आले, तर आज घेतलेला मोडेम काही महिन्यांत माळ्यावर जाऊन पडेल. तूर्त मोडेमच्या त्या पानावरच्या सिग्नलच्या आकड्यांचे फोटो एकदा उघडिपीत आणि एकदा भर पावसात काढून ठेवावेत, आणि तंत्रज्ञ आला की ते दाखवून त्याला आधी गच्चीवरचा आणि खिडकीबाहेरचा जोड उघडायला लावावा.