मसाल्याच्या दुकानाची वेबसाइट: फोटोंच्या ऑल्टमध्ये काय लिहावं, काय लिहू नये

आधी प्रश्न थोडक्यात, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. लालबागला तुमच्या मामींचं मसाल्याचं दुकान आहे. वर्डप्रेसवरची त्यांची वेबसाइट तुम्ही सांभाळता आणि तिच्यावर दीडशेच्या आसपास फोटो आहेत. एसईओवाल्याने (साइट गूगलच्या शोधात वर आणायचं काम करणाऱ्याने) एक्सेल पाठवून सांगितलंय की प्रत्येक फोटोच्या ऑल्टमध्ये, म्हणजे फोटोमागे लिहून ठेवायच्या वर्णनात, 'बेस्ट मालवणी मसाला मुंबई, मालवणी मसाला लालबाग, घरगुती मसाला ऑनलाइन, मसाला होम डिलिव्हरी' ही ओळ चिकटवा. ती चिकटवायची का, ऑल्ट मराठीत लिहायचा की इंग्रजीत, आणि याने गूगलवर वर येऊ का, हे तुम्हाला हवंय.

ती ओळ चिकटवू नका. एसईओवाल्याचं बिल अजून चुकतं केलं नसेल तर थोडं थांबा.

ऑल्टमध्ये कीवर्ड (लोक शोधताना टाइप करतात ते शब्द) कोंबू नका, त्याने साइट स्पॅम समजली जाऊ शकते, असं गूगलने स्वतःच्या मार्गदर्शक पानांवर स्पष्ट लिहून ठेवलंय. पण ती भीती क्षणभर बाजूला ठेवली तरी ही ओळ निरुपयोगीच आहे. दीडशे फोटोंना एकच वर्णन दिलं, तर कोणता फोटो कशाचा हे ना गूगलला कळणार, ना माणसाला. हळकुंडाच्या फोटोलाही 'बेस्ट मालवणी मसाला' आणि मामींच्या फोटोलाही 'बेस्ट मालवणी मसाला'!

वर एका सदस्याने विचारलंय की अंध माणसं ऑनलाइन मसाला घेतात का, एवढा खटाटोप कोणासाठी. घेतात की. स्वयंपाकही करतात. २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची नोंद सुमारे ५० लाख होती. मुंबईपुरतं बोलायचं तर वरळीला नॅबचं (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) मुख्यालय आहे, ती संस्था १९५२ पासून काम करतेय. झेव्हियर्स कॉलेजमधलं एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र २००३ पासून आहे. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ही काही दुर्मीळ वस्तू राहिलेली नाही. विंडोजवर एनव्हीडीए फुकट मिळतो, बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीपासून असतोच. फोटो आला की स्क्रीन रीडर त्याचा ऑल्ट मोठ्याने वाचतो. तुमच्या एका पानावर बारा फोटो असतील तर ती कीवर्डची माळ बारा वेळा ऐकावी लागेल. गिऱ्हाईक तिसऱ्या वेळीच पान बंद करेल. शिवाय सकाळच्या गर्दीत लोकलमध्ये नेटवर्क लटकतं तेव्हा फोटो उघडत नाही आणि त्याच्या जागी ऑल्टच दिसतो, हा डोळसांचा फायदा.

(कायद्याचंही एका ओळीत: दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने डिजिटल सुविधा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलाय. मामींच्या दारात उद्या कोणी नोटीस घेऊन येईल असं मी म्हणत नाही, पण वारं कुठल्या दिशेने आहे ते कळावं.)

आता मुद्द्याचं. मसाल्याच्या दुकानाची अडचण अशी की सगळे फोटो सारखे दिसतात. सहा वाट्या, सहाही लाल. गूगल हल्ली फोटोत काय आहे ते स्वतःही ओळखतं, त्याला ऑल्टची आणि आजूबाजूच्या मजकुराची जोड देतं. पण यंत्राला फार तर 'वाटीत लाल पूड' एवढं कळेल. ती पूड मालवणी मसाल्याची, आगरी-कोळी मसाल्याची की नुसतं संकेश्वरी तिखट, हे मामी लांबून सांगतील, यंत्र सांगणार नाही. आपोआप ऑल्ट लिहून देणारी एआयची प्लगिनं निघालीत, त्यांचीही गाडी इथेच अडते. म्हणून हे काम मामींच्या शेजारी बसून करा. एसईओवाल्याच्या एक्सेलपेक्षा त्यांच्या तोंडून येणारं नाव जास्त कामाचं आहे.

लिहिताना असं धरून चाला की बोरिवलीहून जुनं गिऱ्हाईक फोनवर आहे, पान त्याच्यासमोर नाही, आणि मामी काउंटरवरचं पाकीट हातात घेऊन सांगताहेत. त्या काय म्हणतील? 'मालवणी मसाला, अर्ध्या किलोचं पाकीट.' झालं. हाच ऑल्ट. 'फोटो', 'छायाचित्र', 'इमेज ऑफ' असं सुरुवातीला लावू नका, हे चित्र आहे असं स्क्रीन रीडर आपणहून सांगतो. त्याच पाकिटाचा दुसरा फोटो मागच्या बाजूचा असेल तर 'मालवणी मसाल्याच्या पाकिटाची मागची बाजू, घटक आणि वापरण्याची मुदत', आणि ते घटक नि मुदत खाली पानावर अक्षरांत लिहा. घटकांची अख्खी यादी ऑल्टमध्ये घालायची नाही. किंमत, घरपोच सेवेचे पिनकोड, 'आजच मागवा' हे काहीच तिथलं नाही. जे फोटो दाखवतो तेवढंच ऑल्टमध्ये, बाकी सगळं पानावर, जिथे ते सगळ्यांनाच दिसेल.

मिरच्यांच्या पानावर मात्र हात थोडा सैल सोडा. तिथे दिसणं हीच माहिती आहे. बेडगी सुरकुतलेली, गडद लाल, लवंगी बारकी. 'बेडगी मिरची' एवढाच ऑल्ट चूक नाही, पण 'बेडगी मिरची, लांबट, सुरकुतलेली, गडद लाल, देठासकट' असं लिहिलं तर ऐकणाऱ्यालाही मिरची ओळखता येईल आणि चित्रांमध्ये शोधणाऱ्यालाही नेमकी हीच सापडायला मदत होईल. कीवर्ड म्हणतात तो आपसूक आत आला, कोंबावा लागला नाही. १२५ अक्षरांच्या पुढे जाऊ नये असा एक नियम सगळीकडे फिरतो. तसा नियम ना एचटीएमएलमध्ये (वेबपानांच्या कोडच्या भाषेत) आहे, ना डब्ल्यूसीएजीमध्ये (साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या निकषांत). एका दमात वाचून होईल इतकं ठेवा.

एकाच फोटोचा ऑल्ट दोन पानांवर वेगळा असू शकतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. कांडप मशीनचा फोटो मुख्य पानावर नुसता वातावरणासाठी आहे, तिथे ऑल्ट रिकामा चालेल. तोच फोटो 'भाजलेला मसाला आणा, कुटून देतो' या पानावर आला की तिथे 'दुकानातल्या कांडप मशीनवर मसाला कुटताना' असं हवं. आणि जे निव्वळ सजावट आहे, म्हणजे मजकुराच्या कडेची वेलबुट्टी, दोन परिच्छेदांमधली रेघ, कोपऱ्यातली रांगोळी, त्याचा ऑल्ट मुद्दाम रिकामा ठेवायचा: कोडमध्ये अवतरणचिन्हांची जोडी, मध्ये काही नाही. स्क्रीन रीडर असा फोटो वगळून पुढे जातो. पण रिकामा ठेवणं आणि कोडमध्ये ऑल्ट मुळातच नसणं यांत फरक आहे. मुळात नसेल तर काही स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचायला लागतात, आणि तुमच्या फाइली व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या असणार. 'आयएमजी २०२५०३१४ डब्ल्यूए ००४१' हे ऐकून कोण मसाला घेणार?

ज्या फोटोवर क्लिक करता येतं त्याचा हिशेब निराळा. तिथे चित्र कसं दिसतं त्याला महत्त्व नाही, क्लिक केल्यावर काय होतं ते लिहायचं. व्हॉट्सअ‍ॅपच्या हिरव्या चिन्हाला 'हिरवं गोल चिन्ह' नको, 'व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर द्या' हवं. मसाल्यांच्या विभागाकडे नेणाऱ्या चौकटीला त्या विभागाचं नाव. गूगलही लिंक असलेल्या चित्राचा ऑल्ट त्या लिंकचा मजकूर म्हणून धरतं, त्यामुळे शोधाच्या दृष्टीनेही याचं मोल उत्पादनाच्या चौथ्या-पाचव्या फोटोपेक्षा जास्त.

आणि आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत ते. तुमची साइट उघडून पाहिली. दरपत्रक हा एक फोटो आहे! डिझायनरने सुरेख बनवलंय, लाल पार्श्वभूमी, पिवळी अक्षरं, पंचवीसेक मसाले आणि प्रत्येकाचे पाव, अर्धा, एक किलोचे भाव. दिवाळी फराळाची जाहिरातही तशीच. मुंबईतल्या निम्म्या दुकानदारांची हीच पद्धत असावी, कारण तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतो. पण वेबसाइटवर ही सगळ्यात महागडी गोष्ट आहे. चित्रातली अक्षरं गूगलने नीट वाचावीत याच्या भरवशावर बसू नये. फोनवर गिऱ्हाइकाला ते चिमटीने मोठं करून सरकवत बसावं लागतं. भाव बदलला की पुन्हा डिझायनरला फोन. आणि हे सगळं ऑल्टमध्ये लिहू म्हणाल तर पंचवीस मसाल्यांचे पाऊणशे भाव एका वाक्यात कोंबावे लागतील, आकडे कुठे थांबतात नि कुठे सुरू होतात तेही ऐकणाऱ्याला कळणार नाही. दरपत्रक साध्या तक्त्यात, अक्षरांत आणा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपसाठी राहू द्या. माझ्या मते शोधात दिसण्यासाठी या एका कामाचा जेवढा उपयोग होईल तेवढा दीडशे ऑल्टचा होणार नाही.

मराठी की इंग्रजी? पान ज्या भाषेत, ऑल्ट त्या भाषेत. मराठी पानावर देवनागरीतच लिहा. लोक 'मालवणी मसाला' रोमन अक्षरांत टाइप करून शोधतात हे खरं, पण त्यासाठी एका ऑल्टमध्ये दोन लिप्यांची खिचडी करू नका. इंग्रजी गिऱ्हाईक हवं असेल तर इंग्रजीचं वेगळं पान करा आणि तिथले ऑल्ट इंग्रजीत. याहून महत्त्वाचं म्हणजे पानाची भाषा मराठी अशी घोषित केलेली असणं. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये साइटची भाषा इंग्रजी राहिली असेल तर स्क्रीन रीडरला मराठी मजकूर इंग्रजी म्हणून दिला जातो आणि इंग्रजी आवाज देवनागरीवर अडखळतो. मराठी आवाज एनव्हीडीएबरोबरही येतो आणि गूगलच्या अँड्रॉइडवरच्या आवाजांतही आहे. तो निवडला जावा एवढी सोय आपण करायची.

वर्डप्रेसची एक खोड: मीडिया लायब्ररीत ऑल्ट बदलला की सगळीकडे बदलला असं वाटतं. तसं होत नाही. लेखात किंवा पानात फोटो घालताना त्या वेळचा ऑल्ट तिथे उतरतो आणि तिथेच राहतो. जुन्या पानांवर जाऊन हाताने बदलावा लागतो. वूकॉमर्समधले (वर्डप्रेसवर विक्रीसाठी जोडतात ते प्लगिन) उत्पादनांचे फोटो मात्र लायब्ररीतला ऑल्ट घेतात, म्हणून सुरुवात तिथून केलीत तर मेहनत कमी लागेल. फाइलींची नावं नव्या फोटोंसाठी नीट ठेवा, रोमन अक्षरांत, मध्ये आडव्या रेघा. देवनागरी नावही चालतं, पण लिंक पाठवली की टक्केचिन्हांचं जंगल दिसतं. जुन्या फाइलींची नावं आता बदलत बसू नका. पत्ता बदलतो, जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारे रीडायरेक्ट लावावे लागतात, आणि नावामुळे होणारा फायदा थोडासाच. आणखी एक, थीममध्ये (साइटच्या तयार साच्यात) पार्श्वभूमी म्हणून सीएसएसने, म्हणजे सजावटीच्या कोडने, लावलेले फोटो गूगल चित्रशोधात घेत नाही. महत्त्वाचा फोटो तसा लावला असेल तर तो पानात साधा फोटो म्हणून घाला.

वर येऊ का? चित्रांच्या शोधात, हो, फरक पडू शकतो. साध्या शोधात ऑल्ट हा पानावरच्या मजकुराचाच एक छोटा भाग, त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. आणि 'लालबाग मसाला दुकान' शोधल्यावर नकाशासकट जी दुकानं येतात तिथे ऑल्टचं काही चालत नाही. तो खेळ गूगल बिझनेस प्रोफाइलचा, म्हणजे दुकानाच्या गूगलवरच्या नोंदीचा: अंतर, दुकान शोधाशी किती जुळतं, आणि ते किती नावाजलेलं आहे. बदल मोजायचा असेल तर गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइट शोधात किती दिसते ते दाखवणारं साधन) कामगिरीच्या अहवालात शोधाचा प्रकार 'इमेज' करा, आजचे आकडे उतरवून ठेवा आणि काही आठवड्यांनी पुन्हा बघा.

क्रम मी असा लावेन: दरपत्रक, मग क्लिक होणारे फोटो, मग सर्वात जास्त खपणाऱ्या मसाल्यांची पानं, उरलेलं जसं जमेल तसं. वर्षाच्या मसाल्याची गर्दी मार्चपासून मेपर्यंत असते, त्याच्या आधी पहिली तीन कामं उरका. झाल्यावर फोनवर टॉकबॅक चालू करून, पडद्याकडे न बघता, एक पाव किलो गोडा मसाला कार्टमध्ये टाकून बघा. जिथे अडाल तिथला ऑल्ट किंवा बटण दुरुस्त करायचं.

थीम कोणती आहे तेवढं कळवा. काही थीममध्ये तक्ता मोबाइलवर उजवीकडे कापला जातो. तुमच्यात तसं होत असेल तर दरपत्रक तीन स्तंभांत बसवायची युक्ती सांगतो.