नवा फ्लाइंग क्लब? आधी हिशेब नीट लावा

दहा जणांनी मिळून एक विमान घ्यायचं ठरवलंत, अभिनंदन! आता पैशाचं बघू.

हँगर, विमा, वार्षिक तपासणी हे खर्च विमान उडो न उडो, येतातच. ते मासिक वर्गणीतून भागवा. इंधन, ऑइल आणि इंजिनाच्या मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी उड्डाणाच्या तासाच्या दरातून. नवे क्लब इथेच फसतात. दर स्वस्त दिसावा म्हणून निधीच वगळतात. लायकॉमिंग ओ-३२० सारख्या इंजिनाला साधारण २००० तासांनी ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण उघडून दुरुस्ती) सुचवलेलं असतं. आमच्यावर ती वेळ आली तेव्हा खात्यात खडखडाट! जादा वर्गणी काढावी लागली, दोघे क्लब सोडून गेले.

बाकी सुरुवातीला एवढंच:

- नुकसान झालं तर विमा कंपनी जी रक्कम देत नाही ती कोण भरणार, हे आधीच लिहून ठेवा.
- बिघाड दिसला की लगेच वहीत नोंद. "पुढचा बघेल" चालणार नाही.
- सुट्टीच्या दिवसांच्या बुकिंगला माणशी मर्यादा घाला. भांडणं तिथूनच सुरू होतात.

दुसऱ्या विमानाचा मोह सध्या आवरा. आणि हिशेब, देखभाल, बुकिंग सगळं एकाच उत्साही माणसाच्या गळ्यात घालू नका. वर्षभरात तो थकतो. (मी थकलो होतो.)