पोटातून पायाकडे जाणारी धमनी बंद झाली, तर पोट न फाडता इलाज होतो का?

होतो, बऱ्याच वेळा. बेंबीच्या आसपास महाधमनीच्या दोन फांद्या होतात आणि ओटीपोटातून पायांकडे उतरतात. तिथं चरबी-कॅल्शियमचा थर साचला की चालताना ढुंगण-मांडी भरून येते, थांबलं की काही मिनिटांत ओसरतं. पुरुषांत कधी लैंगिक ताठरताही जाते, पण हे कोणी सांगत नाही.

आमचे मामा कोल्हापुरात रंकाळा तलावावर दर शंभर पावलांना कट्ट्यावर टेकायचे. वर्षभर मणक्याचं दुखणं समजून कमरेला पट्टा! शेवटी एका डॉक्टरांनी जांघेत बोटं ठेवली, तर नाडी लागेचना. मग डॉप्लर (रक्ताचा प्रवाह बघणारी सोनोग्राफी) आणि सीटी अँजिओग्राफी (शिरेत औषध देऊन धमन्यांचा सीटी स्कॅन).

अडथळा छोटा असेल तर जांघेतून किंवा हातातून तार घालून फुगा फुगवतात, स्टेंट म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी बसवतात. बहुधा भूल तेवढ्याच जागेपुरती. लांबलचक, पूर्ण बंद धमनीतही हल्ली हे जमतं, नाहीतर उलट्या वाय आकाराची कृत्रिम नळी जोडून बायपास. तो दुर्बिणीनंही होतो, पण महाधमनीला टाके घालणं अवघड, त्यामुळे करणारे मोजकेच. म्हणून कोल्हापुरात विचारताना नुसते 'दुर्बिणीवाले' नको, व्हॅस्क्युलर सर्जन, म्हणजे रक्तवाहिन्यांचे सर्जन गाठा. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा, सीटी अँजिओग्राफीत शिरेतून देतात ते औषध किडनीला जड जातं.

बिडी-तंबाखू मात्र सोडावीच लागते, नाहीतर स्टेंटही तुंबतो. पाय अचानक थंड, पांढरा पडला तर सकाळची वाट बघू नका, काही तासांचाच खेळ असतो.