स्क्रीन मागवण्याआधी लॅपटॉप उघडा

प्रश्न : कीबोर्डवर पेन राहिलं आणि झाकण मिटलं. उजव्या कोपऱ्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा गेल्यात. दुरुस्तीला बेळगावला टाकायचा तर चार दिवस जातात. मॉडेल नंबरवरून स्क्रीन मागवून घरीच बसवली तर? (खानापूर)

उत्तर : बसवा, पण मॉडेल नंबरवरून मागवू नका. फसगत होते ती इथेच. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची पॅनेल, म्हणजे स्क्रीनचे सुटे भाग, निघतात. आधी लॅपटॉप टीव्हीला एचडीएमआयने जोडून बघा. तिथे चित्र स्वच्छ असेल तर बिघाड बहुधा पॅनेलपुरताच.

चार्जर काढा, मागचं कव्हर उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवा आणि पॉवरचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा. हे टाळू नका. स्क्रीनच्या केबलमधूनच बॅकलाइटची, म्हणजे चित्रामागच्या उजेडाची, वीज जाते. ती चालू असताना केबल ओढली तर मदरबोर्डवरचा तांदळाच्या कणीएवढा फ्यूज उडतो, मग नवी स्क्रीनही काळीच. काम घोंगडीवर मांडू नका, लोकरीच्या घर्षणाने स्थिर वीज तयार होते. टेबलावर सुती पंचा पुरे.

भेगांवर रुंद चिकटपट्टी लावा, काचेचे कण सांडत नाहीत. समोरच्या फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांत रबरी टिकल्या असतील तर त्यांखाली स्क्रू असतात. मग आतल्या कडेने जुनं एटीएम कार्ड घालून वरच्या बाजूने एकेक खटका सोडवत या. बिजागऱ्यांजवळची बाजू शेवटी, प्लास्टिक तिथेच तुटतं.

पॅनेलला कान, म्हणजे कडेला स्क्रूसाठी भोकं असलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, असतील तर चार स्क्रू. नसतील तर ते दोन्ही बाजूंना ताणपट्टीवर (ताणली की सुटणारी चिकटपट्टी) चिकटवलेलं असतं. पट्टीचं टोक चिमट्याने धरून पॅनेलला समांतर, सावकाश ओढा. वर उचलून ओढली की तुटते. तुटलीच तर हेअर ड्रायरने हलकं गरम करून मागून दोरा फिरवा. सुटलेलं पॅनेल कीबोर्डवर पालथं घाला. कनेक्टरवरची पारदर्शक पट्टी सोडवा, बारीक कडी असेल तर ती उघडा आणि कनेक्टर सरळ मागे सरकवा. उचकटू नका.

आता पाठीवरचं लेबल. समजा ‘एनव्ही१५६एफएचएम-एन४८’ लिहिलंय: १५६ म्हणजे १५.६ इंच, एफएचएम म्हणजे फुल एचडी. हाच नंबर मागवा. दुसरा घ्यायचा झाला तर रिझोल्यूशन (१३६६×७६८ की १९२०×१०८०), कनेक्टरच्या पिना, कान आणि रुंदी, सगळं जुळलं पाहिजे. साध्या ६० हर्ट्झच्या स्क्रीनला बहुधा ३० पिना, १२० किंवा १४४ हर्ट्झला ४०. एलव्हीडीएस या चित्र पाठवायच्या जुन्या पद्धतीच्या पॅनेललाही ४० पिना असत, ते ईडीपी या नव्या पद्धतीच्या लॅपटॉपवर चालत नाही. १५.६ इंचांतही जुन्या धाटणीचं पॅनेल सुमारे ३६० मिलिमीटर रुंद, अरुंद काठाचं ३५०. पट्टी लावून मोजा.

नवं पॅनेल जोडून, काही चिकटवण्याआधी, बॅटरी लावून चालू करा. पांढरा, काळा, लाल पडदा बघा, झाकण मागेपुढे हलवा. आडव्या रेषा, लुकलुक दिसली तर बॅटरी काढून कनेक्टर पुन्हा बसवा. संरक्षक फिल्म सगळ्यात शेवटी काढा. दुकानदार परत घेताना ती बघतात.

प्रश्न : नवी स्क्रीन बसवली, पण अंधार. टॉर्च मारला की चित्र पुसट दिसतं. (निपाणी)

उत्तर : चित्र पोचतंय, उजेड पोचत नाही. ब्राइटनेसचं बटण वाढवून बघा, मग बॅटरी सोडवून जुनं फुटकं पॅनेल जोडा. त्यात उजेड आला तर नवं पॅनेल सदोष, परत करा. तेही काळंच राहिलं तर केबल किंवा तोच फ्यूज. तो मल्टिमीटरवर तपासता येतो, पण बदलणं सूक्ष्म सोल्डरिंगचं काम, घरच्या इस्त्रीएवढ्या सोल्डरिंग गनचं नव्हे. निपाणीहून कोल्हापूर जवळ. दुकानात आधीच सांगा, ‘बॅकलाइटचा फ्यूज तपासा’, नाहीतर थेट मदरबोर्ड बदलायची बोली सुरू होते.

प्रश्न : बिजागरी घट्ट झाल्याने फ्रेम चिरली, स्क्रीनही फुटली. फक्त स्क्रीन बदलू का? (चिकोडी)

उत्तर : नको, महिन्याभरात पुन्हा फुटेल. झाकणातले पितळी नट प्लास्टिकमधून उपटले गेले असतील तर मागचं झाकण बदला. नट शाबूत असतील तर बिजागरीच्या टोकाचं नट पाव फेरा सैल करा, झाकण एका हाताने उघडेल इतकंच.