डबा कोणाचा?

प्रश्न : पुतण्या अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात शिकतो. तिथल्या फुटबॉल संघाच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्याचा फोटो त्याने पाठवला. म्हणाला, हा प्रशिक्षक बड फॉस्टर यांचा डबा. ते 33 मोसम तिथेच होते म्हणे, पण कायम दुय्यम! एवढे थोर होते, तर मुख्य प्रशिक्षक का झाले नाहीत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : डबा कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या कामगाराचा. 1995 मध्ये बचावफळीची सूत्रं हाती आली, तेव्हापासून फॉस्टर यांनी तो मिरवला. जो खेळाडू घाम गाळेल, डबा उचलायचा मान त्याचा.

मी 1998 ते 2000 ब्लॅक्सबर्गला, म्हणजे व्हर्जिनिया टेकच्या गावी, एम.एस. करत होतो. तिथला फुटबॉल म्हणजे लांबुळका चेंडू आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. ते दहा यार्ड मिळू न देणं, हे बचावाचं काम. मला ते कळलं आमच्या बचावफळीतल्या कोरी मूरमुळे. त्याच्या जागेच्या मानाने चण लहान, पण चेंडू सुटायच्या आत क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या अंगावर! 1999 मध्ये 11 पैकी 11 सामने जिंकून आम्ही राष्ट्रीय अंतिम सामन्यात गेलो. फ्लोरिडा स्टेटविरुद्ध तिसऱ्या सत्राअखेर 29-28 पुढे होतो, हरलो 46-29. त्या रात्री आमच्या खोलीत कुणी जेवलं नाही.

2014 मध्ये ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर 35-21 हरवलं. फॉस्टर यांनी माणसं पुढे दाटीने उभी केली, मागची बाजू उघडी पडण्याचा धोका पत्करून. ओहायो स्टेट पुढे राष्ट्रीय विजेता झाला. त्या मोसमात तो हरला तो एवढाच सामना.

आता ‘दुय्यम’चं. फॉस्टर मरे स्टेट विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक फ्रँक बीमर यांच्या हाताखाली घडले, 1987 मध्ये त्यांच्यासोबत ब्लॅक्सबर्गला आले. 2015 अखेर बीमर निवृत्त झाले आणि मुख्य प्रशिक्षकाची जागा बाहेरून आलेल्या जस्टिन फुएन्टे यांना मिळाली. मला फार लागलं ते. फॉस्टर मात्र फुएन्टेंच्या हाताखाली काम करत राहिले. मुख्य प्रशिक्षकाला देणगीदार, पत्रकार, सगळं सांभाळावं लागतं. फॉस्टर यांचा जीव बचावात होता, असं मी मानतो.

2019 मध्ये, त्यांच्या शेवटच्या मोसमात, जॉर्जिया टेकला 45-0 हरवलं, पुढच्याच आठवड्यात घरच्या अखेरच्या सामन्यात पिट्सबर्गला 28-0. पुतण्याला तो सामना बघायला सांगा. चेंडूकडे नको, बचावफळीच्या पहिल्या पावलाकडे बघ म्हणावं.