स्वपरागण की स्वफलन?

प्रश्न असा आहे: रानवनस्पतींवरच्या एकाच लेखात कुठे ‘स्वपरागणाची उत्क्रांती’ तर कुठे ‘स्वफलनाची उत्क्रांती’ असं वाचलं. दोन्ही एकच ना? आणि ‘स्वयंफलन’ चालेल का?

एकच नाहीत. परागकण कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, पोचले की परागण झालं. तिथून परागनलिका वाढत बीजांडापर्यंत जाते आणि नर-मादी युग्मकं (प्रजननपेशी) एक होतात, ते फलन. पहिली गोष्ट उंबऱ्यावरची, दुसरी माजघरातली. कितीतरी रानफुलांत स्वतःचेच पराग कुक्षीवर पडतात, पण फूल त्यांना ओळखतं आणि नलिका पुढे सरकू देत नाही. स्वपरागण झालं, स्वफलन नाही!

उत्क्रांतीत अनेकदा उठतो तो नेमका हा पहारा. मोहरीच्या कुळातल्या कॅप्सेला ग्रँडिफ्लोराला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. तिच्याच वंशातून निघालेल्या कॅप्सेला रुबेलाला लागत नाहीत, आणि तिच्या पाकळ्याही अगदी चिमुकल्या झाल्या आहेत. कीटकांना बोलवायचंच नाही, तर सजायचं कशाला? जोडीदार नसला तरी बी धरतं, हा फायदा. मात्र दबून राहिलेले जनुकीय दोष उघडे पडतात आणि संतती बरेचदा दुबळी निघते. डार्विनने 1876 साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. तेव्हा उत्क्रांतीबद्दल बोलताना ‘स्वफलन’च लिहावं.

शब्द निर्दोष आहे असं मात्र नाही. ‘फलन’ म्हटलं की फळ डोळ्यांपुढे येतं, आणि आपण खातो ते केळं तर फलनाशिवायच धरतं. ‘परागीभवन’ त्याहून अवघड: बाष्पीभवन म्हणजे बाष्प होणं, मग परागीभवन म्हणजे पराग होणं? पाठ्यपुस्तकांमुळे रुळलाय, पण मला सुटसुटीत ‘परागण’ बरा वाटतो.

आता ‘स्वयंफलन’. ‘स्वयं’मध्ये ‘आपोआप’ची छटा आहे, स्वयंचलितसारखी. केना या रानवनस्पतीची वरची निळी फुलं सगळ्यांनी पाहिलेली असतात. जमिनीखालीही केन्याला फुलं येतात, ती उमलतच नाहीत आणि मिटल्या मिटल्या बी धरतात. तिथे ‘स्वयं’ शोभेल. पण मधमाशीने एका फुलातले पराग त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलावर नेले आणि बी धरलं, तर तेही स्वफलनच, आणि त्यात आपोआप काहीच घडलेलं नसतं.